आप्पांच्या वहीचा पुठ्ठा

टर्रकन आवाज आला की आप्पांचं चित्र झालं, असं आमच्या घरात समजलं जायचं. मग मी चहा घेऊन जायचे.

त्या दुपारीही तसंच झालं. चहा घेऊन गेले तर आप्पा खिडकीशी खुर्चीत बसलेले, मांडीवरची वही उजव्या कोपराखाली दाबलेली आणि डाव्या हातात नुकतंच फाडलेलं पान. त्यांनी त्याचा चोळामोळा केला नाही. कागद चुरगाळणं हे त्यांच्या हिशेबी पापच होतं. शेजारच्या वेताच्या टोपलीत त्यांनी ते पालथं ठेवलं आणि कपाकडे हात नेला.

"काय काढलं होतं?" मी विचारलं.

"काय न्हाई."

"मग फाडलं कशाला?"

"काय न्हाई म्हणूनच फाडलं."

आप्पा म्हणजे माझे सासरे. त्यांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली, पण बार्शीत जुन्या माणसांना विचारलंत तर 'पेंटर अंबादास' हे नाव अजून सांगतील. दुकानांच्या पाट्या, शाळांच्या भिंतींवरचे सुविचार, मंगल कार्यालयांच्या कमानी, टेम्पोच्या पाठीवरची मोरांची जोडी, सगळं त्यांच्या हातचं. सूत मारून रेघ आखायची, काठीवर मनगट टेकवायचं आणि एका दमात अक्षर ओढायचं. पाटीच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात सही. त्या वर्षी शिमग्याच्या सुमारास त्यांना अर्धांगाचा झटका आला. बोलणं हळूहळू ताळ्यावर आलं, पाय ओढत का होईना चालू लागला, उजवा हात मात्र मांडीवर पडला तो पडलाच. डॉक्टरांनी सांगितलं, डाव्या हाताला काम द्या. गहू निवडायला द्या, मणी ओवायला द्या. मी गव्हाचं ताट पुढं ठेवलं. आप्पांनी ते एका बोटानं माझ्याकडे सरकवलं आणि तोंड खिडकीकडे फिरवलं. त्यानंतर ते दिवसच्या दिवस खिडकीकडेच बघत बसायला लागले.

तेव्हा मी त्यांना वही दिली.

वह्यांचं खूळ मी माहेरून आणलेलं. सोलापूरला माझ्या वडिलांचं बायंडिंगचं दुकान होतं. तिथं कापून उरलेल्या कागदांच्या मी लहानपणापासून वह्या शिवायचे. कागद घडी घालून एकात एक बसवायचे, घडीतून दाभणानं दोरा ओवायचा, पाठीला जुन्या लुगड्याची पट्टी, वर पुठ्ठा. आणि दुपारची भांडी झाली की त्या वहीत रोज एक पान करायचं. कधी शेवग्याची शेंग काढायची, कधी चहापत्तीचं रंगीत वेष्टन चिकटवून त्याच्याभोवती काहीतरी रेखाटायचं, कधी नुसतेच रंगाचे पट्टे. चांगलं आलं काय, वाईट आलं काय, पान झालं पाहिजे. लग्न होऊन बार्शीला आले तरी हे चुकलं नाही. माझे यजमान दत्ता एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते. ते येईल त्याला सांगायचे, आमच्याकडे कागदाची गिरणी आहे. त्यांना त्याचा त्रास नव्हता. आप्पांना मात्र ते समजतच नसे.

"ह्या चित्राला गिऱ्हाईक कोण?" लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात त्यांनी विचारलं होतं.

"मीच," मी म्हटलं.

"आन् पसंत न्हाई पडलं तर?"

"तर उद्याचं पान आहे की."

यावर ते खूप हसले. म्हणाले, धंद्यात एवढी मुभा असती तर निम्मी बार्शी पेंटर झाली असती. त्यांच्या धंद्यात चुकलेलं अक्षर रंग ओला आहे तोवर रॉकेलच्या बोळ्यानं पुसायचं असे. वाकडं अक्षर भिंतीवर ठेवून शिडी उतरायची नाही, हा त्यांचा नेम होता आणि हाताखालच्या पोरांनाही त्यांनी तोच लावला होता. सूर्य मावळताना भिंतीवर चूक राहिली तर ती पेंटरचं नाव खाते, असं ते म्हणत.

म्हणजे वही दिली खरी, पण आप्पांनी ती भिंतीसारखीच वापरली. शिसपेन्सिल डाव्या मुठीत धरून काहीतरी काढायचं, बघायचं आणि फाडायचं. फाडायचं तेही नीट, मुळापासून. खुंट ठेवायचा नाही. टोपली भरली की मी ती रिकामी करायचे. त्यातला कागद मी रद्दीला कधी घातला नाही, बायंडरच्या घरची मुलगी कागद टाकत नाही. पण पालथं ठेवलेलं पान उलटून बघायचं नाही, एवढं मी पाळलं. त्यांनी ते कुणी बघू नये म्हणूनच फाडलेलं असे.

गणपतीच्या दिवसांत इलाही आला. इलाही शेख हा आप्पांचा चेला. मिसरूड फुटायच्या आधी त्यांच्या शिडीखाली उभा राहिला आणि तिथंच कामाला लागला. आता त्याचं स्वतःचं दुकान होतं. बाजारात छापील फ्लेक्स यायला लागले होते, तरी हातानं लिहून घेणारे लोक अजून होते आणि ते इलाहीकडे जात. आप्पा आजारी पडल्यापासून तो आठवड्याला येऊन बसायचा, जास्त बोलायचा नाही. त्या दिवशी आप्पांनी त्याला ब्रशांच्या डब्याबद्दल सांगितलं.

तो डबा म्हणजे पत्र्याची जुनी पेटी होती. आत खारीच्या केसांचे बारीक ब्रश, चपटे ब्रश, सुताचं रीळ, खडूची पूड. दर खंडेनवमीला तो पाटावर मांडून त्याची पूजा व्हायची आणि त्या पूजेचे झेंडू दरवर्षी इलाही आणायचा. त्यात एका वर्षाचाही खंड नव्हता.

"यंदाची पूजा हितं करू," आप्पा म्हणाले. "दसऱ्याला डबा तू घिऊन जा."

इलाहीनं मान हलवली आणि चहा न घेता गेला. आप्पांनी वही मिटून खिडकीत ठेवली. चार-आठ दिवस टर्रकन आवाजच आला नाही. मला फार वाईट वाटलं. डबा जाणार म्हणून नव्हे, तर त्यांनी तो इतक्या सरळपणे देऊन टाकला म्हणून. रोज दुपारी वही त्यांच्या मांडीवर ठेवायची आणि माझी घेऊन समोर बसायची, एवढंच करत राहिले. पहिले काही दिवस ते माझ्याकडे बघत बसायचे. मग एके दिवशी त्यांनी पेन्सिल उचलली.

त्या दुपारी मी चहा करून आवाजाची वाट बघत स्वयंपाकघरात उभी होते. आवाज आला नाही. चहा गार झाला तरी आला नाही. शेवटी तसाच घेऊन गेले, तर वही मांडीवर उघडीच होती.

पानावर हात होता. त्यांचाच उजवा हात, मांडीवर उताणा पडलेला, बोटं आत वळलेली, मनगटावरच्या गंड्याचा दोरा लोंबणारा. रेघ थरथरत होती, पण हात जसा पडला होता तसाच पडला होता. माणसाला आपला निकामी हात इतका नीट बघवतो, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते दिसू नये म्हणून मी कप उचलून म्हटलं, गार झाला, दुसरा आणते.

"रत्ना," त्यांनी थांबवलं. "डबा आत्ताच द्यायचा न्हाई. इलाही आला की आधी त्याला हे पान दाखवायचं. हे बघून तो म्हणला, वस्ताद संपला, तर खुशाल न्यावा."

मग घरात सगळ्यांनाच ते पान पाठ झालं. दत्तांनी बघितलं, शेजारच्यांनी बघितलं. इलाही मात्र सणाच्या कामांत अडकल्यामुळं दसऱ्यापर्यंत फिरकणार नव्हता. आप्पा स्वतः मात्र पुन्हा उघडून बघत नसत. ते रोज पुढच्या पानांवर काढत होते आणि फाडत होते. अख्ख्या वहीत तेवढं एकच टिकलं होतं. वही अशी बारीक झाली की मी नवरात्राच्या तोंडावर दुसरी शिवून ठेवली.

खंडेनवमीला सकाळी मी पाट मांडला. ब्रश धुऊन ओळीनं ठेवले, डबा ठेवला, टेकूची काठी ठेवली. आदल्या संध्याकाळी इलाहीचा माणूस झेंडू देऊन गेला होता. इलाही स्वतः दसऱ्याला येणार होता. शेवटी मी माझी कात्री, दाभण आणि ती नवी वहीही पाटावर ठेवली.

"ही कशाला?" आप्पांनी विचारलं.

"तुमचंच हत्यार की."

डब्याला कुंकू लावून झाल्यावर त्यांनी बोट वहीकडे केलं, तिलाही लाव. पूजा झाल्यावर त्यांनी जुनी वही मागितली. उद्या सकाळी इलाही येईल, पान काढून ठेवू म्हणाले. मी वही दिली आणि नैवेद्याचं बघायला आत वळले.

"रत्ना." आवाज असा होता की मी पोळी तव्यावर सोडून बाहेर आले. "पान कुठाय?"

वहीत ते नव्हतं. आम्ही खुर्चीखाली पाहिलं, खिडकीत पाहिलं, गादी उचलून पाहिली. आप्पांचा चेहरा लाल झाला होता. म्हणाले, तुझ्या शिवणीत दम न्हाई, सोलापूरच्या बायंडरची लेक आन् पानं गळत्यात. बोलणं आमच्या वडिलांपर्यंत गेल्यावर मलाही राग आला. मी वही घेतली आणि घडी उघडून बघितली. दोरा शाबूत होता. मी स्वयंपाकघरातून एक कोरा कागद आणला आणि त्यांच्यासमोर घडी घातली.

"आप्पा, हे बघा. दिसायला पानं दोन, पण कागद एकच. दोरा घडीत असतो. तुम्ही पलीकडचं पान मुळापासून ओढलंत की अलीकडचं कशाला धरून राहील?"

त्यांनी कागद हातात घेतला, उघडला, मिटला. मग वहीत बघितलं. हाताच्या पानाच्या जोडीचं पान जिथं असायला हवं, तिथं काही नव्हतं.

"झेंडू," ते म्हणाले.

घट बसायच्या आधी त्यांनी झेंडूचं फूल काढायचा प्रयत्न केला होता. ते जमलं नाही आणि फाडलं. राग उतरल्याचं मला त्यांच्या खांद्यावरून दिसलं. तो माझ्यावरच राहिला असता तर बरं झालं असतं असं वाटलं.

"मग ते पडलं कुठं?" त्यांनी विचारलं.

ते मला तेव्हा आठवलं. झाडताना खुर्चीजवळ एक पान पालथं पडलेलं होतं. टोपलीतनं उडालं असेल म्हणून मी ते परत टोपलीत टाकलं. आणि टोपली मी नव्या वहीच्या वेळी रिकामी केली होती. मी पाटावरच्या वहीकडे बघितलं. तिच्या पुठ्ठ्यावर ओलं कुंकू होतं.

"आप्पा, ते ह्याच्यात आहे," मी म्हटलं.

मग सगळं सांगितलं. आमच्या दुकानात पुठ्ठा कधी विकत आणत नसत. वाया गेलेले कागद एकावर एक खळीनं चिकटवायचे, खळीत कसर लागू नये म्हणून मोरचूद घालायचं, वर पाटा ठेवून वाळवायचं की लाकडासारखा पुठ्ठा होतो. आप्पांच्या ह्या नव्या वहीचे पुठ्ठे मी त्यांच्याच फाडलेल्या पानांचे केले होते. आप्पा ऐकत होते. त्यांना हे पहिल्यांदाच कळत होतं.

"म्होरच्या पुठ्ठ्यात हाय का मागच्या?"

"माहीत नाही. मी पानं बघून चिकटवत नव्हते."

"का?"

"तुम्ही फाडलेली होती म्हणून."

आत पोळी करपल्याचा वास सुटला होता. पूजेतली वस्तू त्या दिवशी हलवायची नाही, त्यामुळे वहीला कुणी हात लावला नाही. आप्पा दिवसभर पाटाकडे बघत बसले. जेवताना मी म्हटलं, दुसरं पान काढा, पुन्हा तसाच हात काढा. त्यांनी नुसती मान हलवली. ती होकाराची नव्हती.

दसऱ्याला सकाळी इलाही आला. इस्त्रीचा शर्ट, खिशात आपट्याची पानं. आप्पांच्या पाया पडला, सोनं दिलं. मी अक्षता टाकून पूजा हलवली. दाखवायला पान नव्हतं, म्हणून आप्पांनी त्याला सगळी हकिगत सांगितली. काही वगळलं नाही, झेंडूसुद्धा सांगितला. इलाहीनं वही उचलून पुठ्ठ्यावर बोटानं टकटक केलं.

"सुटंल की, वस्ताद," तो म्हणाला. "भिंतीवरचं पोस्टर सोडवतो तसंच हाय. कोमट पाणी लावायचं, थर आपोआप सुटत्यात. शिसपेन्सिल धुऊन जायाची न्हाई."

त्याचं खरं होतं, हे मलाही आदल्या दिवशी सुचायला हवं होतं. मी धावत जाऊन पातेल्यात पाणी कोमट करून आणलं. आप्पांनी वही मांडीवर घेतली होती. पुढच्या पुठ्ठ्यावरून अंगठा फिरवत होते, मग उलटी करून मागच्या.

"आन् बाकीची?" त्यांनी विचारलं.

"कुठली?"

"त्याच्या वर-खाली हायत ती. सोडवताना फाटत्यात न्हवं?"

"ती तर तुम्हीच फाडलेली हायत, वस्ताद," इलाही म्हणाला.

आप्पा हसले. आजारपणानंतर तोंड एका बाजूला जायचं त्यांचं, पण हसले. मग त्यांनी वही उघडली, पहिलं पान सपाट केलं आणि इलाहीला समोर बसायला सांगितलं.

"हात ठिव मांडीवर. हलायचं न्हाई."

तोवर आप्पांनी डाव्या हातानं काढताना कुणाला जवळ उभं राहू दिलं नव्हतं. मी पातेलं घेऊन उंबऱ्यात उभी राहिले. इलाही पुतळ्यासारखा बसला. पेन्सिल सावकाश फिरत होती, मध्येच अडत होती, पुन्हा सुरू होत होती. बाहेर पोरं आपट्याच्या पानांवरून भांडत होती. बऱ्याच वेळानं आप्पांनी पेन्सिल कानावर ठेवली आणि वही इलाहीकडे फिरवली.

इलाहीनं बघितलं. तो आप्पांचा चेला होता, खोटं बोलायला शिकला नव्हता.

"अंगठा लांबलाय, वस्ताद."

"लांबलाय," आप्पा म्हणाले.

त्यांचा डावा हात पानाच्या मुळाशी गेला. बोटांत पान धरलं गेलं. मी पातेलं खाली ठेवलं. मग ती बोटं सुटली. त्यांनी तळव्यानं पान एकदा वरपासून खालपर्यंत पुसल्यासारखं केलं, वही मिटली, डाव्या हातानं उजवा हात उचलला आणि वजन ठेवावं तसा पुठ्ठ्यावर ठेवला.

"डबा घिऊन जा," ते इलाहीला म्हणाले. "ब्रश वापराविना ताठत्यात."

इलाही घाबरला. म्हणाला, अंगठ्याचं मनावर घेऊ नका, मी आपलं दिसलं ते बोललो, डबा मला नको. आप्पांनी त्याला गप्प केलं. भिंत आता तुझी, माझ्यापास्नं होणार न्हाई, मला हे पुरे, असं म्हणून त्यांनी वहीवर दोन बोटं आपटली.

"आन् ते पान? बघायचं न्हाई?"

"हाय की आत."

इलाहीनं डबा कपाळाला लावला आणि उचलला. त्याचे डोळे भरले होते. त्या दिवशी तो चहा घेतल्याशिवाय गेला नाही, दोन कप प्याला.

तो गेल्यावर मी पातेलं उचलायला वाकले. पाणी केव्हाच गार झालं होतं. आप्पा खिडकीकडे बघत होते, हात वहीवर तसाच होता.

"रत्ना, पुढच्या वहीला पुठ्ठा बाजारातनं आण," ते म्हणाले. "माझ्याकडनं आता कागद मिळायचा न्हाई."

मी बरं म्हटलं आणि पाणी मोरीत ओतायला गेले.